नागपूर-पुणे मेट्रोची शर्यत : आपली माणसे कोणत्या थांब्यावर उभी?

नागपूर आणि पुणे या दोन शहरांतील चढाओढ महाराष्ट्राला नवी नाही. २१ ऑगस्ट २०१४ रोजी नागपूर मेट्रोची पायाभरणी झाली, तेव्हा पुण्यात ओरड झाली की आमचा प्रस्ताव जुना असताना नागपूर पुढे गेलेच कसे? पुण्याची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली. तेव्हापासून दोन्ही शहरांतील पुढारी आणि वृत्तपत्रे हिशेब मांडत बसली आहेत. कोणाची मेट्रो आधी धावली, कोणाचा पूल उंच, कोणाचे स्टेशन जमिनीत किती खोल. नागपूरकर म्हणतात, आजवर पश्चिम महाराष्ट्राने आमचा अनुशेष ठेवला, आता आमची पाळी. पुणेकर म्हणतात, कर आम्ही भरतो आणि निधी नागपूरला जातो.

या वादात आंबेडकरी जनतेने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या? प्रस्तुत लेखकाचे उत्तर स्पष्ट आहे : कोणाच्याही नाही. विदर्भाचा अनुशेष खोटा आहे असे येथे म्हणायचे नाही. बाबासाहेबांनी १९५५ सालीच महाराष्ट्राची चार राज्ये करावीत आणि विदर्भाचे वेगळे राज्य असावे असे मत मांडले होते. तेव्हा प्रादेशिक अन्यायाचा प्रश्न आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु दोन शहरांची तुलना करताना माप कोणते वापरायचे, हे आपण आपल्या अनुभवावरून ठरवले पाहिजे. मेट्रोची लांबी आणि पुलाची उंची हे प्रस्थापितांचे माप झाले. आपले माप वेगळे आहे. शहराच्या मध्यभागी राबणारा माणूस तेथे राहू शकतो का? राहू शकत नसेल तर कामावर वेळेत आणि परवडेल अशा भाड्यात पोहोचू शकतो का? या दोन प्रश्नांवर दोन्ही शहरांची परीक्षा घेतली तर काय दिसते, ते पाहू.

प्रवास हाही जातीचाच प्रश्न

काही वाचक म्हणतील, मेट्रो आणि बस हा इंजिनिअरांचा विषय, त्यात चळवळीचे काय काम? त्यांनी बाबासाहेबांचे बालपण आठवावे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत आला. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरला न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने तो हाकला, टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या देशात 'कोण कोणाच्या गाडीत बसणार' हा जातीचा प्रश्न राहिला आहे. आगगाडीने आणि सार्वजनिक बसने ही बंधने बरीचशी मोडली. तिकीट काढणाऱ्याला जात विचारली जात नाही, हे सार्वजनिक वाहतुकीचे फार मोठे सामाजिक कार्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे खडे बोल सुनावले, त्यामागेही हाच अनुभव होता. म्हणूनच आपली माणसे गाव सोडून शहरात आली. शहराने त्यांना जातीच्या रोजच्या जाचातून काहीशी सुटका दिली, गिरणीत काम दिले, मुलांना शाळा दिली. त्यामुळे शहर कोणासाठी बदलते आहे हा प्रश्न आपल्यासाठी मुक्तीशी जोडलेला आहे.

मध्यवस्ती कोणाची?

नागपूरचा मध्य म्हणजे सीताबर्डी. धम्मदीक्षेसाठी आलेले बाबासाहेब ऑक्टोबर १९५६ मध्ये याच सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात उतरले होते. जवळच एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या या गिरणीत आपल्या समाजाचे हजारो कामगार पिढ्यान् पिढ्या राबले. नागपूरची आंबेडकरी चळवळ ज्या पैशावर उभी राहिली, त्यात या गिरणी कामगारांच्या पगारातून निघालेल्या वर्गणीचा वाटा मोठा आहे. पुढे गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिच्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचा मॉल उभा राहिला. नाव तेवढे गिरणीचे राहिले. ज्या जागेवर आजोबा यंत्रावर उभे राहिले, त्या जागेवर नातू सुरक्षारक्षक म्हणून दारात उभा राहतो. आजोबांना संघटना होती, भविष्यनिर्वाह निधी होता. नातवाला ठेकेदार आहे.

पुण्याचा मध्य म्हणजे जुन्या पेठा आणि त्याला लागून असलेले शिवाजीनगर. शिवाजीनगरच्या न्यायालयाजवळ कामगार पुतळा वसाहत होती. येथील लोक आसपासच्या घरांत धुणीभांडी करत, कार्यालयांत झाडलोट करत, हातगाडीवर माल विकत. काम पायी जाण्याच्या अंतरावर होते. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जेथे एकमेकींना छेदतात ते मोठे स्टेशन नेमके येथे आले आणि वसाहत हलवण्यात आली. कुटुंबांचे पुनर्वसन विमाननगर, हडपसर अशा दूरच्या ठिकाणी झाले. पक्के घर मिळाले हे खरे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या बाईची चार घरची कामे शिवाजीनगरला होती, तिने हडपसरहून रोज दोन बस बदलून यायचे की कामे सोडायची? आणि गंमत पाहा, मेट्रोसाठी ज्यांची घरे गेली त्यांतील काही जण ज्या हडपसरला गेले, तेथे मेट्रोचा पहिला टप्पा पोहोचलाच नाही.

शिवाजीनगरचे एसटी स्थानकही मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. तात्पुरते असे सांगितले गेले. पाच वर्षे उलटून गेली तरी ते मूळ जागी परतले नाही. खेड्यातून एसटीने पुण्यात येणारा विद्यार्थी, तारखेला येणारा पक्षकार यांची सोय दुय्यम ठरली.

पुण्याच्या मंडई स्टेशनच्या नावावरून आणखी एक गोष्ट आठवते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला होता आणि तोच पैसा शिक्षणावर खर्च करा असे त्यांचे म्हणणे होते. त्याच मंडईला पुढे त्यांचे नाव दिले गेले. सार्वजनिक पैसा आधी कोणत्या गरजेवर खर्च व्हावा, हा जोतीरावांचा प्रश्न मात्र इमारतीवरच्या नावाने सुटत नाही.

आधी कोण, नंतर कोण?

आता मेट्रोच्या तारखा पाहू. नागपुरात ती पहिल्यांदा धावली मार्च २०१९ मध्ये, सीताबर्डी ते खापरी. म्हणजे दक्षिणेकडे, विमानतळ आणि मिहानच्या दिशेने. त्या टोकाला तेव्हा वस्तीपेक्षा मोकळे माळरानच जास्त होते. जानेवारी २०२० मध्ये पश्चिमेचा लोकमान्यनगर मार्ग सुरू झाला, जो शंकरनगर, धरमपेठ या सुखवस्तू भागांतून जातो. उत्तर नागपूर म्हणजे गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा, नारी रोड. हा आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. येथे मेट्रो सुरू झाली ११ डिसेंबर २०२२ रोजी. पूर्व नागपूर, जेथे हलबा, मुस्लिम आणि इतर कष्टकरी समाज दाटीने राहतो, तेथेही त्याच दिवशी. म्हणजे रिकाम्या माळरानानंतर पावणेचार वर्षांनी दाट वस्तीचा नंबर लागला.

गड्डीगोदामला रेल्वेमार्गावरून पूल न्यायचा होता, ते काम अवघड होते, हे मान्य. पण जेथे अडचण कमी तेथे आधी काम करायचे, असे एकदा ठरवले की गरीब वस्ती नेहमीच शेवटी येते. कारण दाटी तिथेच असते आणि अडचणीही तिथेच.

पुण्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ६ मार्च २०२४ रोजी रूबी हॉल ते रामवाडी हा मार्ग सुरू झाला. वाटेत येरवडा स्टेशन आहे. ज्या येरवड्याच्या तुरुंगात १९३२ चा पुणे करार झाला तोच हा परिसर, आणि आज तेथे पुण्यातील मोठ्या झोपडपट्ट्या आहेत. गाड्या येरवड्यावरून धावू लागल्या, पण तेथे थांबत नव्हत्या. जिन्याच्या जागेचा घोळ होता. २१ ऑगस्ट २०२४ रोजी ते स्टेशन उघडले. साडेपाच महिने येरवड्याच्या माणसाने डोक्यावरून जाणारी मेट्रो नुसती पाहिली. कल्याणीनगरचे स्टेशन मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते.

कोणी मुद्दाम केले असा आरोप येथे करायचा नाही. मुद्दा असा की दोन शहरांचे पुढारी एकमेकांशी भांडतात, पण रांगेत शेवटी कोणाला उभे करायचे याबाबत त्यांचे एकमत असते.

बस : गरिबाची मेट्रो

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तेव्हा त्याची किंमत ८,६८० कोटी रुपये होती, लांबी सुमारे ३८ किलोमीटर. पुण्याचा ११,४२० कोटी, लांबी सुमारे ३१ किलोमीटर. म्हणजे नागपुरात एका किलोमीटरला सव्वादोनशे कोटींहून अधिक आणि पुण्यात साडेतीनशे कोटींहून अधिक. एका इलेक्ट्रिक बसची किंमत दीड कोटी धरली, तर नागपूर मेट्रोच्या एका किलोमीटरमध्ये दीडशे बस येतात.

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने चांगल्या शहर बससेवेचा निकष एक लाख लोकांमागे ६० बस असा ठरवला आहे. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या २४ लाख होती. त्या जुन्या आकड्यानेही १,४४० बस हव्यात. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याही नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून तेव्हा साडेअठ्ठेचाळीस लाख लोकसंख्या होती, म्हणजे २,९०० बस हव्यात. पीएमपीएमएलकडे दोन हजारांच्या आसपास आहेत. तरीही तीच बस रोज दहा लाखांच्या आसपास प्रवासी वाहते, मेट्रोच्या कित्येक पट. या एका बाबतीत पुणे नागपूरच्या पुढे आहे, हे नागपूरकराने मोकळेपणाने मान्य करावे. पुण्यात बस अपुरी आहे, नागपुरात ती जवळपास विसरली गेली आहे. एकेकाळी नागपूरची शहर बस एसटी चालवत असे. मग 'स्टार बस' आली, नंतर 'आपली बस' आली. नावात 'आपली' आहे, पण चालक-वाहक ठेकेदाराचे आहेत.

मात्र पुण्यानेही बसला सापत्न वागणूकच दिली. २००६ च्या डिसेंबरात देशातील पहिला बीआरटी मार्ग पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर असा सुरू झाला. बीआरटी म्हणजे काय? रस्त्याची एक मार्गिका फक्त बससाठी राखीव. आपल्या भाषेत सांगायचे तर रस्त्यावरचे आरक्षण. ज्या वाहनात साठ-सत्तर माणसे बसतात त्याला, एक माणूस नेणाऱ्या मोटारीच्या आधी जागा. यावर मोटारवाल्यांनी जे आक्षेप घेतले ते ऐकून आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. 'ही मार्गिका रिकामी पडून राहते', 'आमच्या हक्काची जागा गेली', 'यामुळे सर्वांचे नुकसान होते'. अनुशेष न भरता आरक्षणाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मग आरक्षणच नको म्हणायचे, ही युक्ती आपण नोकऱ्यांत पाहिली आहे. रस्त्यावरही तीच. बस पुरेशा आणल्या नाहीत, मार्गिकेत घुसखोरी होऊ दिली, आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील बीआरटी उखडून टाकली.

त्यानंतर जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपये. ज्या घरात नवराबायको दोघे बसने कामावर जातात, त्यांचे पासाचे महिन्याचे ३,००० रुपये झाले. घरकाम करणाऱ्या भगिनीच्या दोन घरांचा पगार तेवढ्यात गेला.

मेट्रो वाईट आहे असे या लेखाचे म्हणणे नाही. इंदोऱ्याची मुलगी आज सुरक्षितपणे, थंड डब्यात बसून सीताबर्डीला कॉलेजात जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या डब्यात तिला कोणी सरकून बस म्हणत नाही. पण तिच्या वडिलांचा कारखाना बुटीबोरीला असेल, पाळी सकाळी सहाला सुरू होत असेल, तर मेट्रो त्यांच्या कामाची नाही. आणि स्टेशनपासून घरापर्यंत बस नसेल तर ऑटोचे भाडे मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त होते. शरीरात मोठी धमनी आहे पण केशवाहिन्या नाहीत, तर रक्त पोहोचणार कसे?

त्यात आणखी एक विसंगती. दोन्ही शहरांनी मेट्रोच्याच खांबांवर मोटारींसाठी उड्डाणपूल बांधले. नागपुरात वर्धा रोडवर २०२० मध्ये आणि कामठी रोडवर ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुण्यात नळ स्टॉपला २०२२ मध्ये. वर मेट्रो, मधे मोटारींचा पूल, खाली रस्ता. मोटारवाल्याला सिग्नलविना पूल दिला तर तो मोटार सोडून मेट्रोत येईल कशाला? पुलाखाली बसची वाट पाहणारा माणूस मात्र होता तेथेच आहे.

दीक्षाभूमीचे पार्किंग काय सांगते?

या सगळ्या विकासनीतीचे सार एका घटनेत सापडते. दीक्षाभूमीच्या सुमारे दोनशे कोटींच्या विकास आराखड्यात भूमिगत पार्किंग घातले गेले. स्तूपाला धोका पोहोचेल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो बांधव तेथे धडकले आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. स्तूपाच्या सुरक्षिततेबद्दल त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. पण एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारे लाखो लोक मोटारीने येतात का? ते येतात रेल्वेने, एसटीने, टेम्पोने आणि नागपूर स्टेशनपासून पायी. त्यांना हवे आहे पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, रात्रीचा निवारा, स्टेशन आणि बसस्थानकापासून दीक्षाभूमीपर्यंत अखंड बस. आराखडा करणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र मोटार होती. माणूस नव्हता.

पुण्याने याबाबत दुसरे टोक गाठले. महापालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण मंजूर केले आणि ते कधी अमलातच आणले नाही. मोटार रस्त्यावर फुकट उभी राहू शकते. हातगाडी उभी राहिली की अतिक्रमण होते. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते असावेत, त्यात अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व असावे, असे तो कायदा सांगतो. १९८५ सालच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. सीताबर्डी असो वा लक्ष्मी रोड, हातगाडीवाल्याला उचलण्याआधी हा कायदा वाचला जातो का, हे वाचकांनीच सांगावे.

जमिनीचा भाव आणि आपला पट्टा

मेट्रोचा खरा नफा तिकिटात नसतो, जमिनीत असतो. नागपुरात मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटर पट्ट्यात आणि पुण्यात स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरच्या आत चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण सरकारने आणले. साध्या भाषेत, जेथे दोन मजले होत तेथे आता टॉवर होऊ शकतो. हा भाव वाढला कोणाच्या पैशाने? सार्वजनिक पैशाने. १ टक्का मेट्रो अधिभार तर शहराच्या टोकाला छोटे घर घेणाऱ्या कारकुनालाही भरावा लागतो. वाढलेला भाव मात्र बिल्डरच्या खिशात जातो.

झोपडपट्टीबाबत दोन शहरांचे मार्ग वेगळे आहेत आणि हा फरक आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपुरात साडेआठ लाखांहून अधिक आणि पुण्यात सुमारे सात लाख लोक झोपडपट्टीत राहतात. पुण्याने मुख्यतः झोपडपट्टी पुनर्वसनाचा, म्हणजे बिल्डरमार्फत इमारतीचा मार्ग धरला. नागपुरात दीर्घ लढ्यानंतर झोपडपट्टीवासीयांना राहत्या जागेचे मालकी पट्टे देण्यास सुरुवात झाली. एका बाजूला सातव्या मजल्यावरील खोली, दुसऱ्या बाजूला जमिनीवरचा हक्क. वकील म्हणून माझे मत आहे की पट्टा हाच अधिक भक्कम मार्ग. इमारतीत लिफ्ट बंद पडते, देखभालीचे पैसे थकतात, आणि काही वर्षांत घर विकून माणूस पुन्हा झोपडीत जातो. पट्टा असेल तर मुलाला बँकेचे कर्ज मिळते, आणि उद्या जागा लागलीच तर सरकारला भूसंपादनाच्या कायद्याने बोलावे लागते. पट्टा नसणाऱ्याशी सरकार फक्त पात्र-अपात्रतेची भाषा बोलते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे का? २०११ पूर्वीचा आहे का? कागद पुरात वाहून गेला, आगीत जळाला, तर माणूस स्वतःच्या शहरात उपरा ठरतो.

म्हणून उत्तर नागपुरातील बांधवांना विनंती आहे. मेट्रोच्या ५०० मीटर पट्ट्यात ज्या आपल्या वस्त्या आहेत, त्यांची जमीन आता सोन्याची झाली आहे. ज्यांचे पट्टे बाकी आहेत त्यांनी पाठपुरावा आजच करावा. ज्यांना मिळाले त्यांनी ते नोंदवून घ्यावेत आणि कोणत्याही दलालाच्या कोऱ्या कागदावर सही करू नये.

निर्णय घेतो कोण?

येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. आपले नगरसेवक सभागृहात बसू लागले. पण ज्या काळात आपण सभागृहात पोहोचलो, त्याच काळात निर्णय सभागृहाबाहेर गेले. मेट्रो महामेट्रो या कंपनीकडे गेली, जी केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या मालकीची आहे. बस पुण्यात कंपनीकडे, नागपुरात ठेकेदारांकडे. शहराबाहेरचा विस्तार प्राधिकरणांकडे. स्मार्ट सिटीसाठीही दोन्ही शहरांत स्वतंत्र कंपन्या झाल्या. पुण्याने त्या योजनेत औंध-बाणेर-बालेवाडी हा आधीच सुस्थितीतील भाग निवडला. नागपुरात पारडी-भरतवाडा-पुनापूर हा गरीब भाग निवडला गेला, पण तेथे रुंद रस्त्यांसाठी लोकांच्या घरांवर खुणा पडल्या. श्रीमंत भागाला सुशोभीकरण आणि गरीब भागाला रस्तारुंदी, असा तो न्याय होता.

कंपनीच्या संचालक मंडळात अनुसूचित जातीची राखीव जागा नसते. ठेकेदाराच्या नोकरीत आरक्षण नसते. आणि मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नगर रस्त्याची बीआरटी याच काळात उखडली गेली. जाब विचारायला सभागृहच नव्हते. मतपेटीतून आलेली सत्ता कंपनीच्या दाराने काढून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि तो नागपूर-पुण्यात सारखाच चालतो.

आपण काय मागावे?

पहिली मागणी बसची. लाखामागे ६० बस हा सरकारचाच निकष आहे. मेट्रोच्या पुढच्या टप्प्यांना पैसा देताना त्याच ठरावात बसची संख्या आणि मुदत लिहून घ्यावी. बसची राखीव मार्गिका पुन्हा आणावी. दिल्लीने २०१९ मध्ये महिलांना बस प्रवास मोफत केला. नागपूर आणि पुण्यातही तो व्हावा.

दुसरी मागणी घराची. मेट्रो किंवा रस्त्यासाठी ज्यांना उठवावे लागेल त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात, पायी चालण्याच्या अंतरात व्हावे. स्टेशनजवळ जो वाढीव चटईक्षेत्र घेईल, त्याने त्याच जागेवर कष्टकऱ्यांसाठी घरे बांधलीच पाहिजेत, पैसे भरून सुटका नको.

तिसरी मागणी प्रतिनिधित्वाची. मेट्रो, बस आणि प्राधिकरणांच्या मंडळांवर निवडून आलेल्या नगरसेवकांना, त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या सदस्यांना, कायद्याने जागा द्यावी. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या ठेक्यातील नोकऱ्यांना आरक्षण लागू करावे.

या तीनही मागण्या नागपूरच्या आणि पुण्याच्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी एकत्र मांडल्या पाहिजेत. आजवर नागपूरचे कार्यकर्ते अंबाझरीच्या आंबेडकर भवनासाठी बसले तेव्हा पुण्यात त्याचा फारसा आवाज उमटला नाही. पुण्यातील बांधवांनी मंगळवार पेठेत बाबासाहेबांच्या स्मारकासाठी सरकारी जागा मागितली तेव्हा नागपूर गप्प राहिले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : शहरातील मोक्याची सार्वजनिक जमीन कोणाची? प्रस्थापितांच्या भांडणात आपण नागपूरकर आणि पुणेकर म्हणून विभागलो, तर त्यांचे काम सोपे होते.

येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी दोन्ही महापालिकांतील आपल्या नगरसेवकांना प्रत्येक वस्तीतून एकच प्रश्न लेखी विचारला जावा : आमच्या वस्तीच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येणार? त्याचे उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या मतदानाच्या वेळी ते कामाला येईल.